राखण मागताना

तिन्हीसांजेला बसा. खुर्चीवर बसा, पाटावर बसा, ओट्यावर बसा. मांडी घालणं जमत नसेल तर पाय सोडून बसा. जवळ पाण्याचा तांब्या ठेवा आणि वाटीत मूठभर धान्य घ्या. नागली, म्हणजे नाचणी, असेल तर उत्तम, नसेल तर तांदूळ. एवढीच तयारी. मंत्र लागत नाही, मुहूर्त लागत नाही, डोळे मिटायचीही सक्ती नाही.

मध्ये मध्ये थांबायचं आहे. जिथे थांबायला सांगितलंय तिथे मजकूर खरोखरच बाजूला ठेवा. पुढे काय लिहिलंय याची उत्सुकता आवरता आली नाही तर हे सगळं पाव तासात वाचून होईल आणि हाती काही लागणार नाही.

आज मनन करायचं आहे राखणीवर. माणूस देवाकडे सगळ्यात जास्त वेळा काय मागतो, तर राखण. पैसा, कीर्ती, मोक्ष या नंतरच्या गोष्टी. आधी पोर सुखरूप घरी येऊ दे, गोठ्यातलं जनावर जगू दे, आजची रात्र नीट जाऊ दे. हे मागणं पोथ्यांच्या आणि देवळांच्या आधीचं आहे. अजूनही ज्या भागात ते डोंगर, वाघ, धान्य आणि पूर्वज यांच्याकडे थेट मागितलं जातं, तिथे आपण मनानं जाऊ.

नाशिकहून पेठ रोडनं पश्चिमेला निघायचं. द्राक्षबागा मागे पडतात, सावळघाट लागतो, आणि सह्याद्रीची धार ओलांडली की पाण्याची दिशाच बदलते. नाशिकचं पाणी गोदावरीतून बंगालच्या उपसागराकडे जातं. पेठचं पाणी दमणगंगा, पार या नद्यांमधून अरबी समुद्राकडे. करंजाळी, जोगमोडी, कोहोर ही इकडची गावं. कोकणा, महादेव कोळी, वारली यांची ही भूमी. इथले कित्येक देव अजूनही छपराविना उभे आहेत.

दोन-तीन सावकाश श्वास घ्या. मग पुढे चला.

पहिला थांबा: भीतीला जागा

पेठची जमीन उताराची आहे. नागली, वरई, उडीद माळावर आणि उतारावर, भात खाचरात. उन्हाळ्यात राब भाजायचा, म्हणजे पालापाचोळा, शेण, झाडांच्या डहाळ्या रचून रोपाची जागा भाजून काढायची. मग वाट बघायची ती पावसाची. पाऊस येतो तो धो धो येतो, आणि उतारावरून तसाच वाहून जातो. म्हणून जिथे श्रावणात छत्री उलटते तिथेच वैशाखात बायका डोक्यावर हंडे घेऊन विहिरीच्या तळाशी पाणी साठायची वाट बघत बसतात. दिवाळी झाली की कित्येक कुटुंबं बिऱ्हाड उचलून दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर मजुरीला जातात.

अशा जगण्यात भीती कमी नसणार. पण ती नीट वाटलेली आहे. सापाची भीती बांधावर, बिबट्याची ओहोळात, तापाची पावसाळ्यात, दरडीची घाटात. आणि जशी भीती तसा देव. जनावरासाठी वाघदेव, धान्यासाठी कणसरी, वस्तीसाठी गावदेव, सगळ्यांच्या डोक्यावर डोंगऱ्यादेव, आणि घरातून गेलेल्यांसाठी वीर. कोणतं गाऱ्हाणं कोणापुढे मांडायचं हे लहान पोरालाही ठाऊक असतं.

शहरातल्या भीतीचं तसं नाही. तिला ठिकाण नसतं. छातीत काहीतरी धडधडतं आणि ते नोकरीचं आहे, आईच्या आजारपणाचं आहे, की मघाशी पाहिलेल्या बातमीचं आहे, हे आपल्यालाच सांगता येत नाही. ठिकाण नसलेली भीती घरभर होते. मग तिच्यासाठी कोणीही काहीही विकू शकतं: अंगठी, यंत्र, पिरॅमिड, विमा, कॅमेरा.

आता मजकूर ठेवा. एकच भीती निवडा, सगळ्यात मोठी नको, आजची घ्या. तिला साध्या वाक्यात मांडा: ‘मला अमुक गोष्टीची भीती वाटते.’ मग विचारा, ही कुठे राहते? रस्त्यावर? बँकेच्या खात्यात? कोणाच्या तरी गप्प बसण्यात? जागा सापडेपर्यंत बसा. वाटीतला एक दाणा उचला आणि त्या भीतीच्या नावानं समोर ठेवा.

उपाय आत्ता शोधायचा नाही. ती कुठे आहे एवढं कळलं तरी पुरे.

दुसरा थांबा: हद्द

आता वाघदेवाजवळ जाऊ.

गाव संपतं आणि रान सुरू होतं त्या बेचक्यात हा देव असतो. कुठे दगड, कुठे सागाचा खांब. खांब असेल तर तो जवळून बघा. जमिनीत रोवलेलं उभं लाकूड, उन्हापावसानं रेषा उकललेल्या. वरच्या बाजूला सूर्य आणि चंद्र कोरलेले. त्याखाली वाघ, आडवा, शेपूट वर. कुठे नाग, कुठे मोर. वर्षानुवर्षांच्या शेंदरानं कोरीव काम बुजत आलेलं असतं, त्यामुळे वाघाच्या तोंडावरचा उग्रपणा गेलेला असतो. पायथ्याशी नारळाच्या करवंट्या, विझलेल्या उदबत्त्यांच्या काड्या, कोंबडीचं एखादं पीस. पुजाऱ्याची पाटी नाही, दानपेटी नाही, कुलूप नाही.

आश्विन वद्य द्वादशीला वाघबारस. त्याच तिथीला शहरात वसुबारस असते. बायका गाय-वासराला ओवाळतात. एकाच तिथीला खाली गाईची पूजा होते आणि इथे डोंगरात तिला खाणाऱ्याची. दोन्ही पूजांमागे चिंता एकच, गोठ्यातली. गुराखी पोरं घरोघर फिरून तांदूळ, पीठ, गूळ गोळा करतात. शेंदूर लावून देव उजळतात, रानातच स्वयंपाक होतो, नैवेद्य दाखवतात. कुठे कोंबडा असतो, कुठे नुसती खीर. काही गावांत एकदोन पोरं वाघ-अस्वलाची सोंगं घेतात. शिवारात पुन्हा येणार का असं बाकीचे त्यांना विचारतात आणि आरडाओरडा करत पळवून लावतात. वर्षभर ज्याला भ्यायचं त्याला एक दिवस खेळात घ्यायचं, ही या सणातली शहाणपणाची गोष्ट.

या पूजेत मागणं काय असतं ते नीट ऐका. वाघ मरू दे, असं कोणी मागत नाही. आमच्या गुरांवर नजर ठेवू नको, तुझं रान तुला, आमचं शिवार आम्हाला, एवढंच मागतात. म्हणजे समोरच्याचं अस्तित्व कबूल करून त्याच्याशी केलेला हा करार आहे. मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर भागातल्या वारल्यांच्या वाघोबावर, म्हणजे तिकडच्या वाघदेवावर, वन्यजीव-अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2021 साली शोधनिबंध प्रसिद्ध केला. सुमारे दीडशे वाघोबांची नोंद त्यांनी केली. बिबट्याशेजारी राहताना माणसं त्याच्याकडे निव्वळ उपद्रव म्हणून बघत नाहीत, एक नातं म्हणून बघतात, आणि त्या नात्याचा सहजीवनाला उपयोग होतो, हा त्यातला महत्त्वाचा मुद्दा.

पट्ट्याचा वाघ या रानांतून केव्हाच गेला. बिबट्या राहिला, आणि त्यानं उसाच्या मागे निफाड-सिन्नरकडेही मुक्काम ठोकला. तिथे तो दिसला की पहिली मागणी पिंजऱ्याची होते. ती चूक म्हणता येणार नाही. ज्यांच्या दारातून पोर उचललं गेलं त्यांना करार शिकवायला जाऊ नये. पण उसात बिबट्या आला तेव्हा त्याच्यासोबत हद्दीचा खांब आला नाही, हेही खरं. संध्याकाळी पोर कुठवर जाईल, शेळी कुठे बांधायची, ओहोळाला एकट्यानं कधी जायचं नाही, हे सगळं त्या खांबाभोवती पिढ्यान्‌पिढ्या ठरत आलेलं असतं. पूजा वर्षातून एकदा, पण हद्द रोज पाळायची.

थांबा. मनानं आपल्या घराभोवती एक फेरी मारा. सावकाश. आतल्या खोलीपासून सुरुवात करा. कोण कोण येऊ शकतं इथे? मग बाहेरची खोली. मग उंबरठा. मग जिना, फाटक, गल्ली. आता न दिसणाऱ्या वाटा बघा. रात्री अकरा वाजता फोनवरून कोण आत येतं? जेवताना कोणाचं बोलणं ताटात पडतं? तुमच्या घरात रान कुठून सुरू होतं?

जिथे हद्द हवी आणि नाही, अशी एक जागा निवडा. तिथे मनातल्या मनात खांब रोवा. शेंदूर हवा तर लावा. आणि पलीकडच्याला उद्देशून म्हणा: तू तुझ्या जागी राहा, मी माझ्या जागी राहतो. त्याचं वाईट चिंतू नका. तसं चिंतलं तर खांब उपटला जातो, कारण मग तुम्हीच हद्द ओलांडलेली असते.

तिसरा थांबा: वाटा

करार झाला की देणं आलं.

वाटीतलं धान्य हातात घ्या. नागलीचा दाणा मोहरीएवढा, तांबूस. मूठ भरली तर हजारो दाणे मावतात आणि बोटं जरा सैल केली की वाळूसारखे निसटतात. मूठ घट्ट आवळा. मग सैल करा. पुन्हा आवळा.

पेठ-सुरगाण्याकडे धान्य ही वस्तू नाही, ती कणसरी आहे. ती देवता आहे, बाईमाणूस आहे, रुसणारी आहे. तिची कथा थाळीवर गातात. काशाच्या थाळीत मेण लावून मधोमध काडी उभी करायची आणि त्या काडीवरून बोटं ओढत राहायची, म्हणजे थाळीतून घुमल्यासारखा लांब आवाज निघतो. त्या आवाजावर रात्रभर कथा चालते. धान्याचा मान राखला नाही म्हणून ती निघून गेली तर घर कसं ओस पडतं, हे ज्यानं लहानपणी त्या सुरात ऐकलं, तो मोठेपणी खळ्यात चपला घालून जात नाही. त्याला कुणी दटावायची गरज पडत नाही.

पहिलं आपण खायचं नाही, हा इथला आणखी एक मोठा नियम. पावसाच्या सुरुवातीला कोवळी रानभाजी उगवते. देवाला आणि पूर्वजांना दाखवल्याशिवाय तिला हात लावत नाहीत. नवं धान्य आलं तरी तसंच. यात श्रद्धा आहे आणि हिशेबही आहे. उगवता कोंब सगळ्यांनी एकदम खुडला तर पुढे बी धरणार कसं? सणापर्यंत थांबायची सवय रानाला श्वास घ्यायला वेळ देते. पण हिशेब कळला म्हणून सण अनावश्यक ठरत नाही. नुसता हिशेब माणूस मोडतो, विशेषतः भूक लागल्यावर. सण मोडताना हात थरथरतो.

शहरात आपण दृष्ट काढतो: मीठ, मोहरी, मिरच्या, उतरवून विस्तवात. दारावर लिंबू-मिरची, बाळाच्या पायात काळा दोरा. स्कॉटलंडातही एकेकाळी दारावर आणि गोठ्यावर रोवन नावाच्या झाडाच्या डहाळ्या लाल दोऱ्यानं बांधून लावत. जगभर माणसानं हे केलंय आणि त्यात हसण्यासारखं काही नाही. आजी पोरावरून मीठ-मोहरी उतरवते तेव्हा तिचं सगळं लक्ष पाच मिनिटं त्या पोरावर असतं, आणि तेवढं लक्ष आजकाल कोणाला मिळतं? फक्त या उपायांत एक गोष्ट बहुधा नसते. त्यांत आपण काही देत नाही, नुसतं बाहेर टाकतो. पेठची जुनी पूजा आधी देते आणि मग मागते.

मूठ उघडा. दाण्यांकडे बघा. या आठवड्यात तुमच्या घरात पहिलं म्हणून काय आलं? पहिला आंबा, पहिला पगार, पहिली कोथिंबीर, काहीही. त्यातला वाटा कोणाला गेला? गेला नसेल तर आत्ता ठरवा, कोणाला जाईल. दारातल्या कुत्र्याला, पाखरांना, कामाला येणाऱ्या मावशींना, गेलेल्या वडिलांच्या नावानं एखाद्या भुकेल्याला. वाटा ठरला की थोडे दाणे वेगळे काढा. उद्या सकाळी ते पाखरांना घाला.

चौथा थांबा: नियम

मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाचा उत्सव असतो. पेठ, सुरगाणा, कळवण, बागलाण, साक्री आणि शेजारच्या गुजरातेत डांगपर्यंत तो चालतो. थंडी असते, पिकं घरात आलेली असतात. गावच्या अंगणात थोम म्हणजे उत्सवाचा खांब रोवतात आणि त्याभोवती रात्रभर फेर धरून नाचतात. पावरी वाजते. भोपळा, बांबूच्या नळ्या आणि शिंगासारखं तोंड असलेलं हे वाद्य वाजवणाऱ्याचा दम बघत राहावा. व्रत धरणाऱ्यांना माऊल्या म्हणतात. ते दिवस त्यांनी पाळणूक करायची: अंघोळ, एकत्र जेवण, ब्रह्मचर्य, पायांत वहाण नाही, शिवीगाळ नाही. गावोगाव फिरून धान्य मागायचं. शेवटची रात्र डोंगराच्या पायथ्याशी किंवा कड्यापाशी काढायची. हीच रानखळी. डोंगराच्या कपारीपुढे दिवा लागतो, धान्याची पूजा होते आणि उजाडताना माणसं परत येतात.

हा देव चालून येत नाही, बोलत नाही, हलत नाही. त्याच्याकडे जायचं तर आपणच हलावं लागतं. त्यासाठी आधी शरीर वळवावं लागतं, मन मागून येतं. अनवाणी चालताना खडा टोचला की माणूस आपोआप बघून पाऊल टाकतो. बघून पाऊल टाकणं ही राखणीची पहिली पायरी आहे, आणि ती शिकवायला काटेरी वाटेसारखा गुरू नाही.

आणि हे एकट्यानं होत नाही. नाचताना शेजारच्याच्या कमरेला हात असतो. झोप आली तर फेर ओढून नेतो. एकट्याच्या साधनेचा हल्ली फार बोलबाला आहे. माझी ऊर्जा, माझं कवच, माझं संरक्षण. डोंगऱ्यादेवाच्या फेरात ‘माझं’ कवच कुठून कुठपर्यंत हे सांगताच येणार नाही.

थांबा. तळपाय जमिनीला टेकवा. पायांखाली काय आहे? फरशी, तिच्याखाली काँक्रीट, त्याच्याखाली मुरूम, त्याच्याखाली काळा कातळ. महाराष्ट्राच्या बहुतेक भागात हा कातळ एकच आहे. तुमच्याखाली आहे तो आणि पेठच्या डोंगरात आहे तो बहुधा एकाच काळच्या लाव्ह्याचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमाराचा. त्याच्यावर भार टाका. तो पेलेल.

आता एक नियम निवडा, थोड्या दिवसांचा. शरीराचा हवा, मनाचा नको. ‘मी शांत राहीन’ हा नियम होत नाही. ‘जेवताना फोन दुसऱ्या खोलीत’ हा होतो. ‘घराबाहेर पडताना दारात एक श्वास थांबेन’ हाही होतो. आणि घरातल्या एका तरी माणसाला त्यात घ्या.

पाचवा थांबा: बोट

इथे जरा सावध बसा.

याच डोंगरांत, याच श्रद्धेच्या कडेला, अंधारही आहे. पोर आजारी पडलं, गाय दगावली, की कोणीतरी भगताकडे जातं. भगत दाणे बघतो. चांगला भगत झाडपाला देतो, देवाचं राहिलेलं देणं आठवून देतो, कधी सरळ दवाखान्यात पाठवतो. पण कधी कधी दाण्यांतून बोट निघतं आणि ते शेजारच्या म्हातारीवर जाऊन थांबतं. मग ती भुताळी ठरते. बहुतेक वेळा ती एकटी असते, विधवा असते, किंवा तिच्या नावावर जमिनीचा तुकडा असतो. तिला मारहाण होते, गाव सोडावं लागतं, काही जणींचा जीवही गेला आहे.

हे फक्त आपलं नाही. युरोपानं काही शतकं हेच केलं आणि हजारो बायका-पुरुषांना मारलं. इंग्लंडात चेटकाविषयीचा जुना कायदा 1951 साली रद्द झाला, आणि तीन वर्षांनी जेराल्ड गार्डनर यांनी तिथल्या निसर्गपूजकांच्या नव्या पंथाविषयी उघडपणे पुस्तक लिहिलं. आज त्या वाटेनं जाणारी माणसं पूजेआधी स्वतःभोवती रक्षणाचं वर्तुळ आखतात. वर्तुळ आखण्यात वावगं काही नाही. पण वर्तुळाबाहेर कोणाला उभं केलंय, हे बघावं लागतं.

महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात हत्या झाली. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते अनेक वर्षं झटत होते त्याचा वटहुकूम त्याच महिन्यात निघाला आणि डिसेंबरात तो विधिमंडळानं मंजूर केला. एखाद्याला करणी करणारा किंवा भूतबाधा लावणारा ठरवून त्याचं जगणं मुश्कील करणं हा या कायद्यानं गुन्हा आहे. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला दवाखान्यापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करत बसणं हाही गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. वाघबारस, कणसरी, डोंगऱ्यादेव यांतल्या कशालाही या कायद्यानं हात लावलेला नाही.

मण्यारीचं उदाहरण घ्या. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, आणि दंश इतका बारीक की पुष्कळदा कळतही नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात. अशा माणसासाठी दाणे बघण्यात गेलेला एक तास म्हणजे त्याचा श्वास. प्रतिसर्पविष सरकारी दवाखान्यात मिळतं. दुसरा उतारा नाही. ज्यानं नागाला खांबावर कोरलं त्या पूर्वजाला हे औषध मिळालं असतं तर त्यानं ते नाकारलं असतं असं समजायला काहीच आधार नाही. तो जगण्याच्या बाजूचा माणूस होता.

थांबा. उजव्या हाताचं पहिलं बोट समोर धरा. गेल्या काही दिवसांत ते कोणाकडे वळलं ते आठवा. ‘तिची नजर वाईट’, ‘तो आला की काम बिघडतं’, ‘त्यांच्यामुळे घराची शांती गेली’. हे बोललात की नुसतं मनात आलं, दोन्ही मोजा. आता बोट दुमडा. त्या माणसाचं नाव घ्या आणि त्याच्यासाठी एक दाणा ठेवा, भीतीच्या दाण्याशेजारी. अवघड जाईल. अवघड गेलं तर हा थांबा तुमच्यासाठीच होता.

यापुढे कुठलाही विधी, तोडगा, व्रत, मंत्र समोर आला तर त्याला तीन प्रश्न विचारा. हे केल्यावर माझी भीती कमी होईल की वाढेल? यानं कोणा माणसावर बोट जाईल का? यापायी डॉक्टर, पोलीस, वकील, इलेक्ट्रिशियन, जो कोणी लागणार असेल, तो यायला उशीर होईल का? तिन्ही उत्तरं नीट आली तर खुशाल करा.

सहावा थांबा: मागणं

आता मागायचं.

द्राक्षबागेच्या कडेला प्लास्टिकच्या कागदाखाली बिऱ्हाड टाकलेली पेठची बाई संध्याकाळी चूल पेटवते तेव्हा तिच्याजवळ वाघदेवाचा खांब नसतो, डोंगर पन्नास-साठ किलोमीटर मागे राहिलेला असतो. तिथे भीती वेगळी: औषधफवारणीची, रस्त्यावरच्या भरधाव गाड्यांची, मजुरी बुडण्याची, बागेत सोबत आणलेल्या पोराच्या शाळेची. तरी चुलीजवळची जागा ती सारवून घेते. पहिल्या भाकरीचा तुकडा विस्तवात जातो. देव मागे राहिला तरी द्यायची रीत सोबत येते, आणि तेवढ्यावर ती परक्या शेतात रात्र काढते.

तुम्हीही तसं मागा. शब्द तुमचे हवेत, उसने नकोत. बोलीत मागा, ज्या भाषेत आईशी भांडता त्या भाषेत. आधी पाहिजे ते नेमकं सांगा: ‘लेक रात्री उशिरा गाडीवरून येते, तिला नीट घरी आण.’ मग आपण काय देणार ते सांगा: ‘मी झोपणार नाही, जागा राहीन, आणि आल्यावर रागावणार नाही.’ मग मागण्याचा घेर वाढवा. तिच्या रस्त्यावरच्या सगळ्यांना नीट घरी आण. ज्या ट्रकवाल्याला मी भितो त्यालाही.

वाघदेवापुढे जे गाऱ्हाणं घालतात त्यात एका घराचं नाव नसतं. गावची गुरं, गावची पोरं, गावचं पीक. स्वतःपुरती राखण मागणारा माणूस तिथे जरा विचित्रच दिसेल. वाघ काय घर विचारून येतो?

मोठ्यानं बोला. ऐकणारं कोणी आहे की नाही याचा निकाल आज लावायचा नाही. तुम्ही स्वतः ऐकताय, ते आजच्यापुरतं पुष्कळ झालं. बोलून झालं की तांब्यातलं पाणी थोडं झाडाला घाला, थोडं प्या.

उठताना

समोर दोन दाणे असतील, एक भीतीचा आणि एक त्या माणसाच्या नावाचा. ते पाखरांच्या वाट्यात मिसळा. वाटी उचलून ठेवा. याची रोजची पूजा करू नका, केली तर तिचीही सवय होऊन जाईल. महिन्यातून एखाद्या संध्याकाळी बसलात तरी चालेल. रोज करायचं ते एवढंच: हद्द पाळायची, वाटा काढायचा, बोट आवरायचं.

बाकीची राखण हाताला येणारी आहे. रात्री अंगणात जाताना विजेरी घ्या, पायांत बूट घाला. शक्य असेल तर खाटेवर आणि मच्छरदाणीत झोपा. साप चावला तर चिरू नका, चोखू नका, करकचून बांधू नका. माणसाला धीर द्या, हालचाल कमी ठेवा, 108 ला फोन करा आणि थेट सरकारी दवाखाना गाठा. वाघदेवाचं देणं राहिलंच असेल तर माणूस घरी आल्यावर फेडा. तो वर्षभर थांबतो. विष थांबत नाही.

आणि कधी पेठकडे जाणं झालं, रानाच्या कडेला शेंदरी खांब दिसला, तर गाडी थांबवा, पण फोटोसाठी त्याला हात लावू नका, हलवू नका, घरी नेण्यासारखी ती वस्तू नाही. गावातल्या कोणाला तरी विचारा, मगच जवळ जा. परवानगी विचारून पाऊल टाकणं हीच तिथली पूजा आहे, आणि ती कोणालाही करता येते.